लिहायला अडखळणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी घरच्या घरी लेखनाचा अभ्यासक्रम : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना गणिताचं पुस्तक सापडतं, विज्ञानाचे प्रयोग सापडतात. अडतं ते लेखनापाशी. मूल सहावी-सातवीच्या वयाचं होईपर्यंत "लिहील हळूहळू" म्हणून चालून जातं. मग दहावी दिसायला लागते आणि वही मात्र कोरीच असते. मी अशा घरांबरोबर लेखनावर काम करते. पालक जे पुन्हा पुन्हा विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आणि मराठीतून लिहिण्याची आहेत, पण इंग्रजी अभ्यासक्रमाच्या शोधात असलेल्यांसाठीही बरंच काही आहे.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. तासभर बसून तीन ओळी लिहितो आणि वही ढकलून देतो. कोणता अभ्यासक्रम घेऊ?

आज कोणताच घेऊ नका. आधी तो कुठे अडतोय ते शोधा. काय सांगायचं ते सुचणं, त्याची वाक्यं जुळवणं, शब्दांचं लेखन आठवणं, हाताने अक्षर उमटवणं आणि लिहिलेलं पुन्हा वाचून सुधारणं ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि लिहिताना ती एकाच वेळी चालू असतात. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या अमेरिकन अभ्यासकांनी १९८१ साली लेखनाची जी मांडणी केली तिचा गाभा हाच होता : आखणी, शब्दांत उतरवणं आणि तपासणं या गोष्टी एकामागून एक होत नाहीत, त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. सराईत लेखकाचा हात आपोआप चालतो, त्यामुळे त्याचं डोकं विचारासाठी मोकळं राहतं. अडखळणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष वेलांटी कुठली यातच खर्ची पडतं.

म्हणून एक आठवडा द्या आणि चार गोष्टी करून बघा. त्याला ज्यात रस आहे असा विषय घ्या (कालची मॅच, सायकलचा गिअर, हरिश्चंद्रगडाचा ट्रेक) आणि फक्त बोलू द्या. फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा विषय घेऊन तो सांगेल तसं तुम्ही शब्दशः लिहून घ्या, मध्ये एकही दुरुस्ती न करता. तिसऱ्या दिवशी पुस्तकातला एक परिच्छेद दहा मिनिटं बघून उतरवायला द्या. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि त्याच परिच्छेदाचं श्रुतलेखन घ्या.

बोलताना भरभरून बोलतो, तुम्ही लिहून घेतलं तर पानभर होतं, पण स्वतः लिहिताना तीन ओळी होतात? मग विचार शाबूत आहेत, अडचण हाताची किंवा अक्षरांची आहे. उतरवतानाही हात दुखतो, ओळ सोडून जाते, अक्षरांचा आकार बदलत राहतो? मग हाताकडे बघा. उतरवणं ठीक पण श्रुतलेखनात गडबड? मग शब्दांचं लेखन पक्कं नाही. आणि बोलतानाही "छान होतं, मजा आली" यापुढे गाडी जात नसेल, तर लेखनाच्या आधी बोलण्यावर आणि वाचण्यावर काम करावं लागेल. या चौघांना एकच अभ्यासक्रम चालत नाही. पालक चार-चार अभ्यासक्रम घेतात आणि चारही कपाटात जातात, त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

पाचवी शक्यता भीतीची. शाळेतून काढून घरी आणलेल्या मुलांत ही फार दिसते. चारही चाचण्या बऱ्या जातात, पण "आता निबंध लिही" म्हटलं की हात थांबतो. अशा मुलाला काही महिने तरी निबंध हा शब्दसुद्धा ऐकवू नका.

हा आळस आहे की खरंच काही अडचण आहे?

तेरा वर्षांचं मूल रोज अपमान ओढवून घेण्याइतकं आळशी असेल, असं मला वाटत नाही. अडचण आहे असं धरून चाला.

ती अडचण अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) किंवा डिसग्राफियाची (लेखनातली अडचण) असू शकते. देवनागरीत तिच्या काही खास खुणा दिसतात. 'कि' म्हणताना आपण 'क' आधी उच्चारतो, पण ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी दिसते. 'अर्थ' शब्दातला 'र' आधी ऐकू येतो, पण रफार 'थ'वर चढतो. जोडाक्षरात कुठलं अक्षर अर्धं हे कानाने ओळखून हाताने उतरवावं लागतं. बाराव्या-तेराव्या वर्षीही मूल रफार चुकीच्या अक्षरावर देत असेल, जोडाक्षरं फोडून लिहीत असेल, मात्रा गाळत असेल, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहीत असेल आणि वाचनही अडखळत असेल, तर तपासणी करून घ्या. त्याआधी डोळे आणि कान तपासा. चष्मा लागलेला असतो आणि कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं, असंही होतं.

मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत अशी तपासणी होते आणि प्रमाणपत्रही मिळतं. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही मुंबईत बरीच वर्षं काम करते आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. तपासणीला नंबर लागायला वेळ लागतो आणि कागदपत्रंही बरीच लागतात. दहावीच्या फॉर्मची वाट बघत बसू नका, तेराव्या वर्षीच सुरुवात करा.

शिक्का बसेल म्हणून घाबरणारे पालक भेटतात. मुलाने स्वतःला 'ढ' हा शिक्का आधीच मारून घेतलेला असतो. अडचणीला नाव मिळालं की तो बहुतेक वेळा पुसला जातो.

अभ्यासक्रम निवडताना नेमकं काय बघायचं?

पहिल्या आठवड्याचे धडे उघडा. तिथेच पाचशे शब्दांचा निबंध मागितला असेल तर पुस्तक मिटा. अडखळणाऱ्या मुलासाठी काम वाक्यापासून सुरू व्हायला हवं, मग दोन-तीन वाक्यांचा परिच्छेद, मग दोन परिच्छेद. वयाने मोठं मूल वाक्यावर काम करतंय याची लाज मुलापेक्षा पालकांनाच जास्त वाटते. पण ज्याचं वाक्य उभं राहत नाही त्याचा निबंध कसा उभा राहणार?

मग बघा, मजकूर कोण पुरवतं. 'तुझ्या आवडीच्या विषयावर लिही' हे वाचायला मोकळं वाटतं, पण अडलेल्या मुलासाठी सगळ्यात अवघड तेच असतं, कारण काय लिहायचं आणि कसं लिहायचं ही दोन्ही ओझी एकदम येतात. चांगला अभ्यासक्रम सुरुवातीला मजकूर देतो, एखादी गोष्ट, उतारा किंवा माहिती, आणि फक्त ती मांडायला सांगतो. स्वतःचं काही रचण्याची वेळ नंतर येते.

तिसरं, लिहायला सांगण्याआधी लिहून दाखवलंय का? नुसता तयार उत्तम नमुना पुरेसा नाही. एखादं वाक्य आधी कसं होतं, मग कसं झालं, काय खोडलं, हे दिसायला हवं.

चौथी गोष्ट पालक हमखास विसरतात, ती म्हणजे तपासण्याची रीत. तुम्ही काय तपासायचं आणि काय सोडून द्यायचं, हे अभ्यासक्रमाने स्पष्ट सांगायला हवं. सगळ्या चुकांवर लाल शाई फिरली की मूल पुढच्या वेळी फक्त खात्रीचे शब्द वापरतं. लेखन निर्दोष होतं आणि मरून जातं.

शेवटी धड्याची लांबी आणि विषयांचं वय बघा. वीस-पंचवीस मिनिटांत संपणारा धडा हवा. चित्रं आणि विषय लहान मुलांचे नकोत. भाषा सोपी असली तरी आशय तेरा वर्षांच्या मुलाला शोभणारा हवा.

लेखनाचा अभ्यासक्रम म्हणून घेतला आणि आत सगळं व्याकरणच निघालं. तेच करून लेखन सुधारेल का?

नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात लेखनाची आखणी व सुधारणा पायरीपायरीने शिकवणं, सारांश लिहायला शिकवणं आणि छोटी वाक्यं जोडून मोठी करण्याचा सराव हे उपाय उपयोगी ठरले. वेगळं काढून शिकवलेल्या व्याकरणाचा मात्र उपयोग दिसला नाही. हा आढावा इंग्रजी लेखनाचा आहे, पण कर्मणी प्रयोग ओळखता येणारी आणि तरीही चार ओळींचं पत्र न जमणारी मुलं मराठीतही आहेत.

वाक्यं जोडणं मराठीत आजपासून करता येतं. तीन वाक्यं द्या : पाऊस आला. आम्ही गच्चीवर गेलो. कपडे भिजले होते. आता याचं एक वाक्य कर. "पाऊस आला म्हणून आम्ही गच्चीवर धावलो, पण तोवर कपडे भिजले होते." दुसरं मूल म्हणेल, "आम्ही गच्चीवर पोचेपर्यंत पावसाने कपडे भिजवलेसुद्धा." दोन्ही बरोबर. कुठलं कधी वापरशील यावर दोन मिनिटं बोला. व्याकरण इथेच होतं, प्रयोगाचं नाव न घेता.

अमेरिकेत जुडिथ हॉकमन यांनी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत काम करताना घडवलेली एक सोपी रीत आहे. एकच सुरुवात देऊन ती 'कारण', 'पण', 'म्हणून' अशा तीन वाटांनी पुरी करायची. "रायगडावर पाण्याची टाकी खोदली होती, कारण…", "…, पण…", "…, म्हणून…" मूल इतिहास शिकतंय, विचार करतंय आणि वाक्यही बांधतंय. हे कुठल्याही विषयाला जोडता येतं, म्हणून मला ते फार आवडतं.

मराठीत असा तयार अभ्यासक्रम मिळतो का?

होमस्कूलिंगसाठी पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत बांधलेला, अडखळणाऱ्या मुलांचा विचार करून केलेला मराठी लेखनक्रम माझ्या पाहण्यात नाही. पण साहित्य भरपूर आहे आणि बरंचसं फुकट आहे.

पाया बालभारतीचा घ्या. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. मराठी माध्यमाला आठवीपर्यंत 'बालभारती' आणि नववी-दहावीला 'कुमारभारती' असते. इतर माध्यमांच्या मुलांसाठी सहावी ते आठवी 'सुलभभारती' आणि पुढे 'अक्षरभारती'. अडखळणाऱ्या मुलासाठी मी बऱ्याचदा सुलभभारती सुचवते, मूल मराठी माध्यमातलं असलं तरी. पाठ आटोपशीर असतात आणि विषय वयाला धरून असतात.

वाचायला 'किशोर' घ्या. बालभारतीच हे मासिक १९७१ पासून काढते आणि जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. जुन्या अंकातली दीड पानाची गोष्ट हा लेखनाच्या धड्यासाठी नेमका मापाचा मजकूर आहे. 'वयम्' आणि 'साधना'चे बालकुमार दिवाळी अंकही या वयाला चालतात. पालकांनी स्वतःसाठी पुण्याहून निघणारं 'पालकनीती' वाचावं.

या साहित्याला रीत जोडायचं काम तुमचं. माझी नेहमीची रीत सांगते. 'किशोर'मधला एक परिच्छेद मूल वाचतं. प्रत्येक वाक्यातून फक्त तीन शब्द उचलून वहीत मांडतं. "पश्चिम घाटात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो" यातून पश्चिम घाट, जून–सप्टेंबर, मुसळधार. पुस्तक मिटायचं. त्या शब्दांवरून आधी तोंडी सांगायचं, मग लिहायचं. कोऱ्या कागदाची भीती यात जवळजवळ उरत नाही, कारण काय सांगायचं ते समोर असतं. दोन-तीन महिन्यांत मूल आपोआप स्वतःची वाक्यं घालायला लागतं. तेव्हा उतारा काढून घ्या आणि फक्त शब्दांची यादी त्याची त्याला करू द्या.

इंग्रजी अभ्यासक्रमांची नावं खूप ऐकू येतात. कुठला कोणासाठी?

वर सांगितलेली तीन शब्दांची रीत अँड्र्यू पुडेवा यांच्या इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंग या संस्थेच्या अभ्यासक्रमाचा पाया आहे. व्हिडिओवर शिकवतात, मजकूर पुरवतात, प्रत्येक वेळी काय करायचं याची चेकलिस्ट असते. "काय लिहू?" म्हणून थिजणाऱ्या आणि नियम आवडणाऱ्या मुलाला हे फार मानवतं. पण प्रत्येक परिच्छेदात ठरावीक प्रकारचे शब्द बसवायला लागत असल्याने लेखन साच्यातलं होऊ शकतं. चेकलिस्ट निम्मी करून वापरा. विद्यार्थ्यांच्या व्हिडिओंची मधली पातळी साधारण सहावी ते आठवीसाठी आहे.

जूली बोगार्ट यांचं ब्रेव्ह रायटर उलट बाजूचं आहे. मुलाने बोलायचं, पालकाने टिपून घ्यायचं, ठरावीक मिनिटं मोकळं लिहायचं, नंतर त्यातलं निवडक सुधारायचं. भीती बसलेल्या मुलासाठी उत्तम. मात्र पालकाचा वेळ आणि संयम दोन्ही लागतात. ज्या आईला पाठोपाठ काय करायचं ते लिहून हवं असतं तिची यात ओढाताण होते.

सुझन वाइझ बाउअर यांचं रायटिंग विथ स्किल हे पुस्तक मुलाने स्वतःच वाचून करण्यासारखं आणि पद्धतशीर आहे, पण जड आहे. अडखळणाऱ्या मुलाला तेराव्या वर्षी एकदम यावर बसवू नका.

शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षिकेच्या विचाराने चालणारी घरं वाचलेलं तोंडी सांगण्यावर भर देतात. त्यांच्या पद्धतीत लेखी कथन साधारण दहाव्या वर्षानंतर येतं, त्याआधी सगळं तोंडी. तेरा वर्षांच्या मुलालाही वर्षभर तोंडी कथनावर परत नेता येतं आणि त्यात काही कमीपणा नाही.

परदेशी अभ्यासक्रमातले उतारे, सण, खाणंपिणं परकं असतं. तिथे रीत त्यांची ठेवा आणि मजकूर आपला घाला. कुठलाही अभ्यासक्रम घेण्याआधी नमुना धडा मागून घ्या आणि मुलाबरोबर करून बघा. नुसता चाळून ठरवू नका.

लिहिणं मराठीतून सुरू करावं की इंग्रजीतून?

मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेतून. रचना एका भाषेत जमली की दुसरीत उतरते. दोन्ही भाषांत एकदम लेखनक्रम चालवणं मात्र टाळा. घरात मराठी, पुस्तकं सगळी इंग्रजी, अशा शहरी मुलांच्या बाबतीत मी मुलालाच विचारते. बहुतेकांना उत्तर माहीत असतं.

तो लिहितो ते प्रमाण मराठी नाही. "मी करेल", "आमी गेलतो" असं लिहितो. लगेच सुधारू का?

पहिल्या खर्ड्यात अजिबात नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी, मूल ज्यात विचार करतं त्यातच पहिला खर्डा होऊ द्या. "असं बोलतात, असं नाही" म्हणत अडवलं तर पुढचं वाक्य येणारच नाही. दुसऱ्या वेळी बसून ठरवा : हे कोणासाठी लिहिलंय? मित्राला किंवा गोष्टीतल्या संवादात असेल तर तसंच राहू दे. परीक्षेला किंवा ग्रामपंचायतीला अर्ज असेल तर "करेन" आणि "गेलो होतो". घरची बोली चूक नाही, ती वेगळ्या कामाची आहे, हे मुलाला तुमच्याकडून कळायला हवं. एक बारीक गोष्ट : 'केलं' आणि 'केले' यातलं एक वळण धरून एका लेखात तेच पाळायचं, एवढा नियम या वयाला पुरे.

शुद्धलेखनाचं काय? ऱ्हस्व-दीर्घ सगळंच चुकतं.

आज चालणारे मराठी लेखनाचे नियम १९६२ साली मान्य झालेले १४ आणि १९७२ साली जोडलेले ४, मिळून अठरा आहेत. अठराही एकदम शिकवू नका. सुरुवातीला दोनच घ्या. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार मराठीत साधारणपणे दीर्घ असतो : मी, तू, आई, वाटी, लाडू. ('आणि' आणि 'नि' हे अपवाद पाठ करायचे, गुरू, कवी अशा तत्सम, म्हणजे संस्कृतातून आलेल्या शब्दांच्या भानगडीत आत्ता पडू नका.) आणि शेवटून दुसरं अक्षर इकारान्त किंवा उकारान्त असलेल्या शब्दाला प्रत्यय लागला की ते बहुधा ऱ्हस्व होतं : फूल, फुलाला, मीठ, मिठात. या दोन नियमांनी रोजच्या चुकांचा मोठा भाग निघून जातो.

एका लेखात एकच प्रकारची चूक दाखवा आणि तीसुद्धा खर्डा पूर्ण झाल्यावर. मुलाची स्वतःची शब्दवही ठेवा : तो नेहमी चुकवतो ते वीस-तीस शब्द. श्रुतलेखन त्याच वहीतून घ्या.

निबंधमाला आणि गाइड वापरली तर चालेल?

नमुना म्हणून वाचायला चालेल. पाठ करायला नको. पाठ केलेला 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' मुलाला एवढंच शिकवतो की लेखन म्हणजे दुसऱ्याचे शब्द.

विषय कोणते द्यावेत?

ज्याला खरा वाचक आहे ते. सोसायटीत पाणी कमी दाबाने येतं म्हणून सचिवांना पत्र. ऑनलाइन मागवलेला बूट सदोष निघाला, त्याची तक्रार. धाकट्या बहिणीला बुद्धिबळातला घोडा कसा चालतो ते समजावणारं अर्धं पान. आजोबांच्या शेतातल्या ठिबक सिंचनाची माहिती, शहरातल्या मित्रासाठी. मामाकडच्या लग्नाचा वृत्तान्त, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी. मॅचचा आढावा. आमटीची कृती, ती वाचून दुसऱ्याने खरंच आमटी करायची. आमटी बिघडली तर कुठली पायरी लिहायची राहिली ते मुलाला स्वतःच कळतं आणि तुम्हाला दुरुस्तीचं एक अक्षर बोलावं लागत नाही. पत्र खरंच पाठवा. उत्तर आलं तर मूल ते जपून ठेवतं आणि पुढचं पत्र स्वतःहून लिहितं.

हाताने लिहायचं की टाइप करायचं?

अडचण हाताची असेल तर विचार मांडायचं काम टायपिंगवर किंवा व्हॉइस टायपिंगवर न्या. फोनवर मराठी बोलून टाइप होतं आणि ते बऱ्यापैकी नीट होतं. हस्ताक्षराचा सराव वेगळा ठेवा, रोज दहा मिनिटं, आणि तेव्हा फक्त उतरवून काढायचं. बोर्डाची परीक्षा हाताने लिहायची असते, म्हणून हात पूर्ण सोडता येत नाही. देवनागरी टायपिंग शिकवायचंच असेल तर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक शिकवा. थोडे दिवस जड जातं, पण अक्षर कसं जुळतं ते मुलाला त्यातून उमगतं.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

खर्डा लिहून घ्यायला नको, त्या क्षणी लेखनाचा सराव संपतो. प्रश्न विचारून घ्यायला चालेल : मुलाने लिहिलेला परिच्छेद देऊन "वाचकाला यात काय कळलं नाही?" एवढंच विचारायचं, तेही तुम्ही शेजारी बसून. मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी त्याच्यावर विसंबू नका.

रोज किती वेळ द्यावा?

पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. एका आठवड्यात एकच छोटं लेखन पूर्ण करा. सोमवारी वाचून तोंडी सांगणं आणि शब्द टिपणं, मंगळवारी खर्डा, बुधवारी वाक्यं जोडण्याचा सराव, गुरुवारी खर्डा मोठ्याने वाचून एक गोष्ट सुधारणं, शुक्रवारी हवं असेल तर स्वच्छ प्रत. प्रत्येक लेखनाची स्वच्छ प्रत काढायला लावू नका, महिन्यातून एखाद-दुसरी पुरते. मोठ्याने वाचणं मात्र चुकवू नका. डोळ्याला न दिसलेली चूक कानाला लगेच कळते.

मी स्वतः इंग्रजी माध्यमातली. मुलाचं मराठी मला तपासता येत नाही.

तुम्ही वाचक व्हा, परीक्षक नको. "इथे मला कळलं नाही, कोण गेलं?" हा प्रश्न विचारायला व्याकरण लागत नाही. शुद्धलेखनासाठी पंधरा दिवसांतून एकदा घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणाला तरी वही दाखवा. आजी-आजोबा असतील तर मूल बोलेल ते लिहून घ्यायचं काम त्यांना द्या. फक्त आधी सांगून ठेवा की त्याचं वाक्य बदलायचं नाही.

आम्ही अमेरिकेत आहोत. मुलगी इंग्रजीत ठीक लिहिते, मराठीत अडते.

मग ही अडखळ लेखनाची नाही, अक्षरओळखीची आणि शब्दसंग्रहाची आहे. लेखनक्रमाऐवजी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांची चौकशी करा. इंग्रजीतही अडत असेल तर आधी इंग्रजी. आणि होमस्कूलिंगचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत. पेनसिल्व्हेनियात वर्षाच्या शेवटी कामाचा पोर्टफोलिओ दाखवावा लागतो, न्यू जर्सीत तसं काही मागत नाहीत. पोर्टफोलिओ लागणार असेल तर खर्डेही जपून ठेवा.

दहावीला लेखनाचं किती वजन असतं? आणि परीक्षा कुठून द्यायची?

राज्य मंडळाच्या दहावी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत : पत्र किंवा सारांश, बातमी-जाहिरात-कथा यांतलं काही आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एक. निबंध म्हणून ज्याची धास्ती असते तो शेवटचा प्रश्न ८ गुणांचा आहे. पत्र, सारांश आणि बातमी यांना ठरलेला आराखडा असतो आणि अडखळणाऱ्या मुलाला आराखड्याचा आधार होतो. म्हणून परीक्षेची तयारी तिथून सुरू करा, निबंधापासून नको.

वाटा तीन आहेत. राज्य मंडळाला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, दहावीला पाच विषय घेते, त्यात मराठी भाषा म्हणून घेता येते आणि माध्यम म्हणूनही. तिथे प्रवेशाला चौदा वर्षं पूर्ण लागतात. तिसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची, जिथे पाचवी आणि आठवीच्या स्तराच्या परीक्षाही आहेत. मुलाला दहावीआधी एकदा परीक्षेचा अनुभव घ्यायचा असेल तर आठवी स्तर उपयोगी पडतो. तारखा आणि अटी बदलत राहतात, त्या वर्षीची सूचना वाचूनच फॉर्म भरा.

अभ्यासक्रम चालतोय की नाही, कसं कळेल? किती दिवसांनी बदलावा?

तीन महिने द्या, त्याआधी बदलू नका. सुरुवातीच्या आठवड्यातला कागद तारीख घालून ठेवलेला असू द्या आणि तीन महिन्यांनी तसाच विषय देऊन दोन्ही शेजारी ठेवा. चुका मोजू नका. बघायचं ते हे : वाक्यं लांब झाली का, एकाला एक जोडली गेली का, नवा शब्द वापरायचं धाडस केलं का, लिहायला बसताना लागणारा वेळ कमी झाला का. यातल्या दोन गोष्टी जरी दिसल्या तरी तोच अभ्यासक्रम पुढे न्या. काहीच दिसलं नाही तर पुन्हा त्या चार चाचण्या घ्या. बहुतेक वेळा अडचण आधी समजली होती त्याहून निराळ्या जागी निघते आणि मग नवं पुस्तक घेण्याऐवजी आहे त्यातले धडे बदलून भागतं.

वर्षाअखेर पुस्तक निम्मंच झालं तर?

चालतं. पुढच्या वर्षी तिथूनच पुढे घ्या.